वाचकांचे प्रश्न : लाकडातील गाठ आणि लाकडाची प्रत

पावसाळा तोंडावर आला की घरदुरुस्तीची कामे निघतात आणि त्याबरोबर लाकडाविषयीची पत्रेही वाढतात. या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच शब्द फिरून फिरून आला होता, तो म्हणजे गाठ. त्यामुळे वाळवी, पॉलिश आणि प्लायवूड यांविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत, त्याबद्दल पत्रलेखकांनी क्षमा करावी.

प्रश्न : राजापूरजवळच्या आमच्या गावच्या घरातील माळ्याच्या तुळया बदलायच्या आहेत. रे रोडच्या लाकूडबाजारात सागाचे चार इंच बाय आठ इंच मापाचे, दहा फूट लांबीचे दोन नग पाहिले. दोन्हींत साधारण दोन इंचांची एकेक गाठ आहे. एकात ती आठ इंची बाजूच्या बरोबर मध्यावर आहे, दुसऱ्यात अगदी कडेला टेकलेली आहे. वखारवाले म्हणतात, ‘गाठ म्हणजे लोखंड, काळजी करू नका.’ आमचे मिस्त्री दोन्ही नग नकोत म्हणतात. कोणाचे ऐकावे?
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर : वखारवाल्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते फसवे आहे. गाठ म्हणजे फांदीचे बूड. फांदी खोडाच्या अगदी मधल्या भेंडापासून निघते, आणि खोड वर्षागणिक जाड होत जाते तसतसे तिचे बूड आतल्या आत गाडले जाते. फांदीचे लाकूड भोवतालच्या लाकडापेक्षा घट्ट असते. म्हणून खिळा गाठीत शिरत नाही, करवतीचे दात तिथे बोथटतात आणि सरपण फोडताना कुऱ्हाड नेमकी गाठीत अडकते. रोज हे पाहणाऱ्या माणसाला गाठ म्हणजे लोखंड वाटावे, यात नवल नाही.

परंतु तुळईकडून आपण कठीणपणा मागत नसतो. दोन भिंतींवर टेकलेली तुळई भाराखाली वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ताणली जाते. तो ताण लांबीच्या दिशेने सरळ धावणारे तंतू सोसतात. गाठीचे स्वतःचे तंतू या तंतूंना आडवे असतात, त्यामुळे ताण सोसण्याच्या कामी ते येत नाहीत. शिवाय ओढ्यातले पाणी दगडाला वळसा घालून जाते तसे गाठीभोवतीचे तंतू वळून जातात, आणि त्या वळणावर ताण तंतूंच्या दिशेने न पडता तिरपा पडतो. तंतूंच्या दिशेने लाकूड जेवढा ताण सोसते, त्याचा अगदी थोडा अंशच ते आडव्या दिशेने सोसू शकते. ओंडका उभा सहज फुटतो याचे कारणही हेच आहे. म्हणून लाकडाची प्रत ठरवणारा माणूस गाठीकडे लोखंड म्हणून पाहत नाही, भोक म्हणून पाहतो.

आता आपल्या दोन नगांचा हिशेब त्याच नजरेने करून पाहू. दोन इंचांची गाठ म्हणजे आरपार भोक आहे, असे समजू. आयताकृती तुळईची वाकण्याविरुद्धची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गाठ कडेला असेल तर आठ इंचांपैकी सहाच इंच उपयोगाचे उरतात. सहा अष्टमांशाचा वर्ग म्हणजे छत्तीस चौसष्टांश, म्हणजे सुमारे ५६ टक्के. लाकूड पावच गेले, ताकद मात्र जवळजवळ निम्मी गेली. तेच भोक उंचीच्या बरोबर मध्यावर असेल तर हिशेब पार बदलतो, कारण मधला थर फारसा दाबलाही जात नाही आणि ताणलाही जात नाही. तेथे होणारा तोटा दोन अष्टमांशाच्या घनाइतका, म्हणजे चौसष्टातला एक भाग, दीड टक्क्याच्या आसपास असतो. वळलेल्या तंतूंमुळे प्रत्यक्षात तो थोडा वाढेल, पण दोन नगांतील अंतर त्यामुळे मिटत नाही. तेव्हा मध्यावर गाठ असलेला नग, गाठ घट्ट आणि न कुजलेली असेल तर, आपल्या मिस्त्रींनी नाकारण्याचे कारण नाही. दुसऱ्या नगाविषयी त्यांचा संशय रास्त आहे.

आपल्या पत्रात एक माहिती राहून गेली आहे, ती म्हणजे लांबीच्या कोणत्या ठिकाणी गाठ आहे. भार सगळीकडे सारखा असेल तर तुळईवरचा वाकवणारा जोर मध्यावर सर्वाधिक असतो आणि भिंतीकडे तो कमी होत जातो. भिंतीभिंतींतले अंतर दहा फूट धरले, तर भिंतीपासून अडीच फुटांवर तो मध्याच्या ७५ टक्के असतो आणि एक फुटावर अवघा ३६ टक्के. कडेची गाठ भिंतीपासून फूटभर अंतरावर असेल तर तीही तुळई चालू शकते. गाठ मध्याजवळ असेल आणि घ्यायचीच वेळ आली तर निदान ती कडा वरच्या, दाबाच्या बाजूला ठेवावी. दाबाला गाठ पुष्कळ बरी टिकते, ताणाला ती टिकत नाही. जुने सुतार ‘गाठ वर’ म्हणत लाकूड उलटून बसवतात, ते यासाठीच.

मात्र हा नियम डोळे मिटून लावू नये. आपल्या गिरगावातच काही जुन्या चाळींच्या गॅलऱ्या भिंतीबाहेर काढलेल्या तुळयांच्या टोकांवर उभ्या आहेत. अशा बाहेर आलेल्या तुळईत ताण वरच्या बाजूला असतो, दाब खाली असतो, आणि जोर मध्यावर नसून भिंतीपाशी सर्वाधिक असतो. तिथे गाठ वर ठेवणे म्हणजे नेमकी चूक करणे होय. छपराच्या कैचीतील खालची आडवी पट्टी तर संपूर्ण उंचीभर ताणली जाते, तिच्यात गाठीसाठी सुरक्षित जागाच नसते. म्हणून सर्वांत स्वच्छ लाकूड तिच्यासाठी राखावे. आखूड, जाड खांबाच्या बाबतीत पुष्कळ गाठी खपवून घेता येतात.

नग घेण्याआधी तो चारही बाजूंनी फिरवून पाहावा. गाठ ही भेंडाकडे निमुळती होत जाणारी शंकूसारखी असते, त्यामुळे एका बाजूला दोन इंचांची दिसणारी गाठ पलीकडे एका इंचाची निघते किंवा निघतच नाही, आणि कधी याच्या उलटही घडते. वखारीत लाकूड एकावर एक रचलेले असते आणि हमालाला नग उलटायला सांगणे अनेकांना जिवावर येते. तो संकोच महागात पडतो.

प्रश्न : बाजारात ‘ए ग्रेड’, ‘फर्स्ट क्वालिटी’, ‘सुपर’ असे शब्द ऐकू येतात. यांना काही अधिकृत अर्थ आहे का?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नाही. हे प्रत्येक दुकानाचे आपापले शब्द आहेत. एका वखारीतील ‘फर्स्ट’ शेजारच्या वखारीत ‘सेकंड’ म्हणून पडलेले आढळते.

इमारतीच्या लाकडासाठी भारतीय मानक ब्युरोची मानके आहेत. लाकडी बांधकामाच्या संकल्पनासाठी आय. एस. ८८३ आणि बांधकामाच्या लाकडाच्या गुणवत्तेसाठी आय. एस. ३६२९ ही त्यांतील मुख्य होत. त्यांत ‘सिलेक्ट’, ‘ग्रेड १’ आणि ‘ग्रेड २’ अशा तीन प्रती सांगितल्या आहेत. तक्त्यांतील सुरक्षित ताण ग्रेड १ साठी दिलेले असतात, ते सिलेक्टसाठी १.१६ ने आणि ग्रेड २ साठी ०.८४ ने गुणायचे असतात. म्हणजे ग्रेड १ च्या तुळईने १०० किलो तोलावेत अशी अपेक्षा असेल तर त्याच मापाच्या, त्याच जातीच्या सिलेक्ट तुळईकडून ११६ किलोंची आणि ग्रेड २ कडून ८४ किलोंची अपेक्षा धरता येते. अभियंत्याने आराखड्यात ग्रेड १ धरला आणि ठेकेदाराने ग्रेड २ आणून बसवला, तर फरक किती पडतो हे यावरून कळेल.

या प्रतींमागे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेची, म्हणजे १९०६ साली स्थापन झालेल्या संस्थेची, पुण्याई मोठी आहे. भारतीय लाकडांच्या जातीनिहाय ताकदीच्या चाचण्या तेथे झाल्या. मात्र अशा चाचण्या दोन सेंटीमीटर किंवा पाच सेंटीमीटर बाजूच्या, मुद्दाम निवडलेल्या निर्दोष तुकड्यांवर होतात. त्यांत एकही गाठ नसते. बाजारातून आलेली तुळई आणि प्रयोगशाळेतला तो तुकडा यांच्यात जे अंतर पडते, ते भरून काढण्याचे काम प्रतवारी करते. साग किती मजबूत, हे जातीवरून कळते. हा साग किती मजबूत, हे कळण्यासाठी समोरच्या नगातील गाठी, चिरा आणि तंतूंचा तिरपेपणा पाहावा लागतो.

गाठीची कमाल मर्यादा नगाच्या रुंदीवर ठरते, म्हणजे रुंद नगात मोठी गाठ चालते आणि अरुंद नगात तीच चालत नाही. मोजताना गाठीची लांबी मोजू नये. नगाच्या कडांना समांतर अशा दोन रेषा गाठीच्या दोन्ही अंगांना काढल्याची कल्पना करावी आणि त्या रेषांमधील अंतर घ्यावे. तंतूंच्या तिरपेपणाची मर्यादा सिलेक्टसाठी २० ला १, ग्रेड १ साठी १५ ला १ आणि ग्रेड २ साठी १२ ला १ अशी आहे. पंधरा इंच पुढे जाताना रेषा एका इंचापेक्षा जास्त सरकत असेल तर तो नग ग्रेड १ राहत नाही. हे डोळ्यांना नीट दिसत नसेल तर फाउंटन पेनातील शाईचा एक थेंब रंधा मारलेल्या जागी सोडावा. तो तंतूंच्या दिशेने लांबट पसरतो आणि खरी दिशा दाखवतो. पृष्ठभागावरची सुंदर नक्षी पाहून दिशा ठरवणाऱ्यांची हटकून फसगत होते.

गाभा कुजलेला किंवा बाहेरचे पांढरे लाकूड कुजलेले असेल तर तो नग तिन्ही प्रतींतून बाद होतो, मग गाठ एकही नसली तरी.

प्रश्न : सैल गाठ काढून टाकून त्या जागी त्याच लाकडाची खुंटी डिंक लावून ठोकली, तर नगाची ताकद परत येते का?
(एक वाचक, परळ)

उत्तर : येत नाही. दिसायला बरे होते, एवढेच.

थोडे स्पष्टीकरण देतो. फांदी जिवंत असताना खोडात गाडली गेली तर तिचे आणि खोडाचे तंतू एकमेकांत मिसळतात आणि गाठ घट्ट बसते. फांदी वाळल्यावर खोड तिच्याभोवती वाढत राहिले तर तिची साल मध्ये अडकते. अशी मेलेली गाठ, भोवती काळी कड असलेली, लाकूड वाळल्यावर सैल होते आणि कधी निसटून पडते. आपण खुंटी ठोकता तेव्हा त्या मेलेल्या गाठीच्या जागी दुसरी मेलेली गाठ बसवत असता, भोवतालचे वळलेले तंतू जसेच्या तसे राहतात. फर्निचरसाठी ही युक्ती उत्तम आहे. तुळईसाठी मात्र तिचा धोकाच आहे, कारण दोष झाकला जातो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वखारीत मी पसंत केलेल्या तुळईवर पाण्याचा ओला फडका फिरवला, तेव्हा भुसा आणि डिंक कालवून भरलेली मुठीएवढी जागा गडद होऊन वर आली. तेव्हापासून ओला फडका मी पिशवीतच ठेवतो.

प्रश्न : माझा जोगेश्वरीला लाकडी वस्तूंचा छोटा व्यवसाय आहे. परदेशातून आलेल्या पॅलेटच्या पाइन फळ्या आम्ही वापरतो. त्यांच्यावर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह आणि ‘एच. टी.’ असा शिक्का असतो. ही प्रतवारी समजून झोपाळ्याची फळी करावी का?
(एक वाचक, जोगेश्वरी)

उत्तर : कृपया करू नये. तो शिक्का ताकदीचा नाही. लाकडी पॅकिंगमधून एका देशातील किडे दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ साली जो आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्यानुसार तो मारतात. ‘एच. टी.’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवलेले आहे. ‘एम. बी.’ असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे आणि असे लाकूड घरात न वापरलेले बरे. किडा मेला आहे एवढेच यातून कळते, फळी किती भार तोलेल याविषयी हा शिक्का एक शब्दही बोलत नाही.

ताकदीची प्रत सांगणारे शिक्के निराळे असतात. युरोपातून येणाऱ्या बांधकामाच्या लाकडावर ‘सी १६’ किंवा ‘सी २४’ असे लिहिलेले आढळते, त्यातील आकडा वाकण्याविरुद्धची ताकद न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये सांगतो. ब्रिटिश पद्धतीत तर नगाच्या आडव्या छेदाचा किती हिस्सा गाठींनी व्यापला आहे ते मोजतात, आणि उंचीचा वरचा व खालचा पाव भाग वेगळा तपासतात. कडेच्या पावभागात अर्ध्याहून अधिक जागा गाठींची असेल तर त्यांच्या साधारण प्रतीत एकूण छेदाच्या एक तृतीयांशापर्यंतच गाठी चालतात, तसे नसेल तर निम्म्यापर्यंत. गिरगावच्या वाचकांना वर सांगितलेला कडा आणि मध्य यांतला भेद तिथे असा नियमात उतरला आहे.

पाइनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या झाडाला फांद्या खोडाभोवती एकाच उंचीवर झुबक्याने फुटतात, म्हणून फळीत गाठीही एकाच रेषेत ओळीने येतात. पॅलेटची फळी अरुंद असते आणि अशा दोन गाठी मिळून तिची जवळजवळ सगळी रुंदी खातात. झोपाळ्याची फळी दोन टोकांना टांगलेली असते आणि बसणाऱ्याचे वजन मध्यावर, तेही हिसक्याने पडते. त्या फळीसाठी गाठ नसलेला साग घ्यावा. पॅलेटच्या लाकडाचे आखूड कप्पे, कुंड्यांचे स्टँड, चौकटी खुशाल कराव्यात.

प्रश्न : लालबागमधील आमची चाळ पुनर्विकासासाठी पाडली जात आहे. आमच्या खोलीवरची सहा इंच बाय दहा इंच मापाची जुनी बर्मा सागाची तुळई आम्ही ठेवून घेतली आहे. ती चिरून नव्या घरात पोटमाळ्याचे वासे आणि एक जेवणाचे टेबल करायचा विचार आहे. ऐंशी वर्षे भार सोसलेल्या लाकडाची पुन्हा तपासणी करायची गरज आहे का?
(एक वाचक, लालबाग)

उत्तर : तुळई राखून ठेवलीत, हे चांगले केलेत. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे असे लाकूड आता मुख्यतः पाडलेल्या इमारतींतूनच मिळते.

तपासणी मात्र हवीच. ऐंशी वर्षे ज्या लाकडाने भार सोसला ती एक तुळई होती, आणि चिरल्यावर तुमच्या हाती येतील ते तिचे तुकडे असतील. प्रत झाडाला नसते, नगाला असते. समजा, दहा इंची बाजूवर मध्याजवळ दीड इंचाची गाठ आहे. ती रुंदीच्या पंधरा टक्के झाली, तीही निरुपद्रवी जागी. हीच तुळई चिरून तीन इंच रुंदीचे वासे काढले, तर तीच दीड इंचाची गाठ एखाद्या वाशाच्या निम्म्या रुंदीत येते, आणि करवत तिच्या अंगावरून गेली असेल तर थेट कडेला येते. तुळईत जी गाठ कोणी विचारातही घेतली नसती, ती वाशाला बाद करते.

दुसरे असे की, मोठ्या झाडाचे बाहेरचे लाकूड स्वच्छ असते, पण झाड लहान असताना त्याच्या बुंध्यालाही फांद्या होत्याच, आणि त्यांची बुडे भेंडाभोवती दडून बसलेली असतात. तुळई मधोमध चिरली की वरून न दिसणाऱ्या गाठी एकदम दिसू लागतात. त्यामुळे कोणत्या तुकड्याचे काय करायचे, हे आधी कागदावर ठरवून टाकू नये. आधी चिरून घ्यावे, मग तुकडे मांडून पाहावेत. कडेला गाठ नसलेले, सरळ रेषेचे तुकडे वाशांना द्यावेत आणि गाठींचे तुकडे टेबलाच्या वरच्या पाटाला. टेबलावर दोन गाठी उठून दिसल्या तर पाहुणे त्यांचे कौतुकच करतील.

सॉ मिलमध्ये नेण्यापूर्वी सर्व जुने खिळे काढून घ्यावेत, नाहीतर मिलवाला पात्याचे पैसेही लावील.

प्रश्न : पाइनच्या कपाटाला पांढरा रंग दिला होता. सहा महिन्यांत प्रत्येक गाठीच्या जागी पिवळट वर्तुळ उमटले. दोनदा रंग काढूनही ते परत येते.
(एक वाचक, बोरिवली)

उत्तर : पाइनच्या गाठीत राळ साठलेली असते आणि ती रंगातून पाझरते. नुसता रंग कितीही हात दिला तरी तिला अडवत नाही. डाग आलेली जागा लाकूड दिसेपर्यंत घासून, स्पिरिटने पुसून, गाठीवर आणि तिच्याभोवती थोडे अधिक अशा बेताने चपड्याचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, दोन पातळ हात द्यावेत. ते पूर्ण वाळल्यावर प्रायमर आणि मग रंग द्यावा. गाठीवर थेट लांबी, म्हणजे पुटी, भरू नये. काही दिवसांनी तिचा पापुद्रा सुटतो.

प्रश्न : मी अंतर्गत सजावटीचे काम करते. एका ग्राहकासाठी अमेरिकन अ‍ॅशच्या ‘एफ. ए. एस.’ या सर्वोच्च प्रतीच्या फळ्या मागवल्या, तरी काहींत गाठी निघाल्या. पुरवठादाराने फसवले असे समजावे का?
(एक वाचक, अंधेरी)

उत्तर : एवढ्यावरून तसे समजू नये. ही प्रतवारी इमारतीच्या लाकडाच्या प्रतवारीहून मुळातच निराळी आहे. अमेरिकेतील कठीण लाकडाच्या व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १८९८ साली स्थापन झाली आणि तिचे नियम आजही चालतात. तुळईच्या प्रतवारीत, नग अखंड वापरला तर किती भार तोलेल, हा प्रश्न असतो. या प्रतवारीत, फळी कापून फर्निचर करणाऱ्याला तिच्यातून किती स्वच्छ लाकूड मिळेल, हा प्रश्न असतो. त्यामुळे गाठ असणे हा गुन्हाच नाही. ती अशा जागी हवी की तिला टाळून ठरल्या मापाचे तुकडे निघाले पाहिजेत.

एफ. ए. एस. फळीतून तिच्या क्षेत्रफळाच्या ८३ पूर्णांक १ तृतीयांश टक्के एवढे स्वच्छ लाकूड निघाले पाहिजे, आणि तेही चार इंच बाय पाच फूट किंवा तीन इंच बाय सात फूट यांपेक्षा लहान नसलेल्या तुकड्यांत. आठ इंच रुंद आणि बारा फूट लांब फळीचे क्षेत्रफळ आठ चौरस फूट भरते. तिच्यातून जास्तीत जास्त दोन तुकड्यांत मिळून सहा पूर्णांक दोन तृतीयांश चौरस फूट स्वच्छ लाकूड मिळाले की ती एफ. ए. एस. ठरली. उरलेल्या सव्वा-दीड चौरस फुटात गाठ असली तरी नियमभंग होत नाही. हा हिशेब फळीच्या डाव्या, म्हणजे कमी चांगल्या बाजूवरून करतात, हे मात्र पाहावे. आलेल्या फळ्यांवर खडूने तुकडे आखून बेरीज करावी, आणि ती भरली नाही तरच तक्रार करावी.

ग्राहकाला आठ फुटांचा अखंड, बेदाग पाटच हवा असेल तर प्रतीच्या नावावर विसंबू नये. मागणीपत्रात ‘दोन्ही बाजूंनी गाठविरहित, अमुक लांबी’ असे स्वतंत्र लिहावे. भाव वाढेल, पण वाद होणार नाही.

प्रश्न : मी तीस वर्षे सुतारकाम करतो. रंधा मारताना गाठीपाशी लाकूड उखडते ते उखडतेच. आणि एका दाराला गुळगुळीत करून पॉलिश केले होते, वर्षभराने हात फिरवला तर गाठ वर आलेली लागते. ग्राहक म्हणतात हात नीट चालवला नाही. चूक माझी की लाकडाची?
(एक वाचक, भांडुप)

उत्तर : तीस वर्षांच्या हाताला मी काय शिकवणार, पण दुसऱ्या गोष्टीत चूक आपल्या हाताची नाही, हे ग्राहकांना खात्रीने सांगावे. लाकूड वाळताना आडव्या दिशेने चांगलेच आकसते, तंतूंच्या लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ आकसतच नाही. दाराचा पाट जाडीत आकसतो, कारण जाडी ही त्याच्या तंतूंना आडवी दिशा आहे. गाठीचे तंतू मात्र पाटाच्या जाडीच्या दिशेनेच उभे असतात, म्हणून गाठ त्या दिशेने आकसत नाही. समजा, ३५ मिलिमीटर जाडीचा पाट दोन टक्क्यांनी आकसला. तो सात दशांश मिलिमीटरने बारीक झाला, गाठ होती तेवढीच राहिली, आणि दोन्ही अंगांना मिळून तेवढी वर आली. बोटाला याच्या अर्ध्यानेही उंचवटा कळतो. त्याच कारणाने गाठ आपल्या वर्तुळात मात्र आकसते आणि मधोमध ताऱ्यासारखी तडकते. गाठ वर आली याचा अर्थ एवढाच की, रंधा मारला त्या वेळी लाकडात पाणी शिल्लक होते. पावसाळ्यात घडवलेले दार वातानुकूलित खोलीत बसवले की हे हमखास होते.

उखडण्याचे म्हणाल तर, गाठीच्या अलीकडे तंतू वर चढत असतात आणि पलीकडे खाली उतरत असतात. एकाच दिशेने रंधा चालवला तर एका अंगाला तो उलट्या रेषेवर जाणारच. शक्य असेल तेथे दोन्ही बाजूंनी गाठीपर्यंत येऊन थांबावे, पाते नुकतेच परजलेले असावे, पात्यावरचे दुसरे पान धारेच्या जितके जवळ आणता येईल तितके आणावे आणि छिलका कागदासारखा पातळ निघू द्यावा. शेवटचा हात रंध्याने न देता धारेच्या पत्र्याने खरवडून द्यावा.

दारांसाठी आलेले लाकूड मध्ये रिपा घालून, वारा खेळेल असे रचून, ज्या घरात बसवायचे तेथेच निदान दोन-तीन आठवडे ठेवता आले तर ठेवावे. रंधा मारून झाल्यावर लगेच पॉलिश न करता आठवडाभराने गाठींवरून तळहात फिरवून पाहावा, आणि उंचवटा लागला तर तेवढी जागा पुन्हा खरवडून मगच पहिला हात द्यावा.